बिचारीचा मान

मास्तर सुधारला आणि त्याच्या बायकोच्या पोटात दुखायला लागलं.

आता तुम्ही म्हणाल, असं कुठं असतं का? नवरा सुधारावा म्हणून बायका गुडघे झिजवतात. अहो, हिनेही झिजवले होते. चर्चच्या मंडळीत एक बाई अशी उरली नव्हती, जिला हिने हात धरून ‘ह्यांच्यासाठी तेवढी प्रार्थना करा हो’ असं सांगितलं नव्हतं. पण मागणं वेगळं, आणि मागितलेलं खरोखर मिळाल्यावर त्याच्याबरोबर एका घरात राहणं वेगळं.

मास्तर म्हणजे शिंपी, कटिंग मास्तर. बाजाराच्या मागच्या रस्त्याला नवरा-बायकोचं दुकान. समोर काच, आत लांबलचक कापायचं टेबल, दोन मशीनं, माणूसभर उंच आरसा, आणि मागे प्लायवुडचं पार्टिशन घालून काढलेली एक कोंदट खोली, तिच्यात अस्तराची थानं आणि बटणांचे डबे. मास्तरचा हात असा की माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचं माप मनात घेऊन मोकळा. आणि जीभ अशी की त्या माणसाचं पोट किती सुटलंय हे समोरच्या दुकानालाही कळावं. गिऱ्हाईक उशिरा आलं, ओरडा. धागा तुटला, ओरडा. एकदा काजं बोटभर वर पडली म्हणून त्याने तापलेली इस्त्री भिरकावली होती. आरशाचा खालचा कोपरा तेव्हा उडाला तो उडालाच. बायकोवर हात कधी उचलला नाही, हे खरं. पण तोंड कधी आवरलं नाही, हेही तितकंच खरं. “अक्कल घरी ठेवून आलीस का गं?” हे तर तिला चारचौघांत रोजचं.

ती दुकानात गप्प बसायची. घरी गप्प बसायची असं मी म्हणणार नाही, घरी ती सव्याज परत करायची. पण घरचं बघायला कोण येतंय? लोकांना दिसायची ती मशीनवर मान खाली घालून बसलेली बाई. मापं द्यायला आलेल्या बायका जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या. “बिचारी! कसं काढतेस गं या माणसाबरोबर?” ती डोळे पुसल्यासारखं करायची आणि म्हणायची, “प्रभू बळ देतो.” हे वाक्य तिला इतकं छान जमायचं की ऐकणारीचे डोळे आधी भरून यायचे. उपासनेला गेली की दुसऱ्या रांगेत तिच्यासाठी जागा राखलेली असायची. पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, बायकांच्या सभेत तिचं उदाहरण द्यायच्या. कोणाला पदव्या असतात, कोणाला दागिने असतात. हिला हा बिचारीचा मान होता, आणि तो तिने भर बाजारात ऐकून घेऊन घेऊन मिळवला होता.

आणि मग मास्तर बदलला.

निमित्त झालं त्यांच्या मुलीचं. ती सासरहून नातवाला घेऊन आली होती. जेवताना पोराच्या हातून पाणी सांडलं आणि मास्तर नेहमीसारखा कडाडला. पोरगं टेबलाखाली जाऊन बसलं, बाहेर येईना. मुलीने शांतपणे बॅग भरली. “बाबा, मी लहानपणी याच टेबलाखाली बसायचे,” ती म्हणाली. “हा नाही बसणार. मी आता येत नाही.” आणि गेली.

लग्नं आणि मयतं सोडली तर चर्चची पायरी न चढणारा माणूस दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला. आत काय झालं ते त्या दोघांना ठाऊक. परत आला तो डोळे सुजवून. त्या दिवसापासून रोज सकाळी दुकान उघडलं की मास्तर आधी पार्टिशनच्या मागे जायला लागला.

पहिल्या दिवशी बायकोला काहीच माहीत नव्हतं. ती मशीनला तेल घालत होती, आणि आतून नवऱ्याचा आवाज आला: “आज मी तुझा. पूर्ण तुझा. मला सोडू नकोस.” तेलाची बुधली तिच्या हातात तशीच राहिली. या वयात? या पोटाला? कोण ही भवानी? तिने पार्टिशनचं दार खाडकन उघडलं. मास्तर थानांच्या मध्ये गुडघ्यांवर बसलेला, डोळे मिटलेले. फोन बाहेर टेबलावर.

“ही जीभ तुझी, हे हात तुझे,” तो म्हणत होता, “आणि हे डोकं तर सगळ्यात आधी घे.”

तिने दार हळूच लावलं. बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला खरोखर वाटून गेलं. बाईच्या झिंज्या तरी धरता येतात.

तुम्हाला वाटेल, आता हिने हात जोडायला हवे होते. जोडलेही, लोकांसमोर. पण आतून जी ठिणगी पडली ती पडली. ‘आज मी तुझा.’ लग्न झाल्यापासून हे वाक्य तिच्या वाट्याला कधी आलं होतं? लग्नाच्या दिवशीसुद्धा हा गृहस्थ सुटाची बाही आखूड झाली म्हणून चिडलेला होता. इतकी वर्षं ती सांगत आली, रडून सांगितलं, भांडून सांगितलं, अबोला धरून सांगितलं. ह्याने ऐकलं नाही. आणि तिथे आत जाऊन बसला की कोणी न बोलता सगळं ऐकतो! मग मी काय भिंत होते?

बरं, नवरा नुसता गप्प झाला असता तर तिने सोसलं असतं. हा तर गोड झाला. कोणाचा गळा खाली उतरला तर म्हणायचा, “चुकलं माझं, उद्या या, नीट करून देतो.” गिऱ्हाईकं तोंडात बोटं घालायची. त्याने मुलीला स्वतः फोन केला, माफी मागितली, आणि पुढच्या सुट्टीला नातू आजोबांच्या मांडीवर बसून खडूने टेबल रंगवत होता. मुलगी आईला म्हणाली, “आई, बाबा किती बदलले गं!” आणि वर: “तूच हल्ली फार चिडचिड करतेस.”

घ्या!

मग एका रविवारी मास्तरला साक्ष द्यायला उभं केलं, म्हणजे प्रभूने आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला. त्याला काही नटवून बोलता येत नाही. “मी माझ्या बायकोला फार छळलं,” तो म्हणाला. “माझं नाव काढलं की लोक दचकायचे. आता मी रोज सकाळी मला त्याच्या हातात देतो. दुपारपर्यंत बहुतेक वेळा परत ओढून घेतो. मग पुन्हा देतो.” एवढंच. लोक रडले. उपासना संपल्यावर सगळे त्याच्याभोवती. पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली, “जुना गेला, हा नवा माणूस!” म्हणाले. ती दुसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. लहानपणापासून ती पवित्र शास्त्र वाचत होती, एक रविवार चुकला नव्हता. तिला कोणी कधी माईक दिला होता? आणि हा काल आलेला माणूस!

त्यावर कडी केली पाळकीणबाईंनी. त्या लगबगीने आल्या, हिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “किती भाग्यवान हो तुम्ही!”

भाग्यवान. म्हणजे बिचारीपण गेलं. कोणी विचारलंसुद्धा नाही, काढून घेतलं आणि नवऱ्याला नवा कोट शिवला.

त्या दिवसापासून ती त्याला टोचायला लागली. चहा आपटून ठेवायची. मेजर टेप लपवायची. भाजीत मीठ जास्त टाकायची आणि समोर बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. मास्तरच्या मानेची शीर टरारून यायची, तिला वाटायचं, आता! आता फुटणार! आणि तो उठून जायचा, थोड्या वेळाने ओल्या तोंडाने परत यायचा आणि म्हणायचा, “पाणी दे गं जरा.” तिच्या जिवाचा नुसता तिळपापड व्हायचा. ह्याला आयतं मिळालंय सगळं, तिला वाटायचं. शांती आयती, कौतुक आयतं. आपण राबलो, आणि तयार कपडा अंगात घालून हा मिरवतोय.

अशात मखमल आली.

एका नवरीची आत्या ती घेऊन आली होती. गडद निळी, लग्नात घालायच्या लांब कोटासाठी. थानातला शेवटचा तुकडा, कापडवाल्याकडे त्या रंगाची वीतभरही उरली नव्हती. लग्न आठवड्यावर.

मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर अडतो. कोटाचे सगळे भाग लव एकाच दिशेला ठेवून कापावे लागतात, नाहीतर तोच रंग एका भागावर फिका आणि दुसऱ्यावर काळपट दिसतो. पण शिंपी आखतो आणि कापतो ते कापडाच्या उलट्या बाजूने, आणि तिथे लव दिसत नाही. म्हणून या दुकानाची एक पद्धत होती. मखमल आली की आधी बायकोच्या हातात. ती बोटांनी लव बघायची आणि उलट्या बाजूला खडूने बाण काढायची. मास्तर त्या बाणाप्रमाणे आखायचा आणि कात्री चालवायचा. तिची बोटं या कामात त्याच्यापेक्षा सरस आहेत, हे तो पूर्वीही मान्य करायचा. ओरडूनच, पण करायचा.

त्याने आधी कापडाचे दोन भाग केले, एक पाठीला आणि बाह्यांना, एक पुढच्या दोन पल्ल्यांना. दोन्ही तिच्यापुढे टाकले आणि पार्टिशनच्या मागे गेला. तिने पहिल्या भागावर हात फिरवला, बाण काढला. दुसऱ्यावर हात फिरवला. आतून आवाज आला, “आज पुन्हा तुझा, प्रभू.”

तिने बाण उलटा काढला.

चूक नव्हती ती. हात चुकला नाही, डोळा चुकला नाही. तिला स्वच्छ ठाऊक होतं आपण काय करतोय. एवढी मखमल वाया गेली की कोणाचीही शांती टिकत नाही. एकदा, एकदाच ह्याने गिऱ्हाइकासमोर जुन्यासारखं पेटावं. मग बघू कोण नवा आणि कोण जुना.

मास्तर आला, बाण बघितला, आखलं, कापलं. कच्ची शिवण तिनेच घातली, आणि मखमलीला धूळ लागू नये म्हणून नेहमीप्रमाणे कोट उलटा करून, कापड घालून टांगून ठेवला.

माप बघायला नवरी आली ती भर दुपारी, आत्याबरोबर. काचेतून ऊन थेट आरशावर पडलेलं. नवरीने कोट घातला, आरशासमोर उभी राहिली आणि तिचं हसू हळूहळू उतरलं.

“हे काय?” आत्या पुढे झाली. “मास्तर, हा पुढून काळा आणि बाह्या निळ्या? दोन कोटांचा एक केलाय की काय तुम्ही?”

मास्तर जवळ आला. त्याने बाहीवर तळवा फिरवला. मग पुढच्या पल्ल्यावर फिरवला, आणि हात मध्येच थांबला. त्याला कळलं. त्याने बायकोकडे बघितलं, एकदाच. ती मशीनवर बसली होती आणि तिने नजर खाली घेतली नाही.

त्याची मान लाल झाली. शीर टरारली. हात टेबलावरच्या कात्रीवर गेला आणि बोटं आवळली. आला, तिला वाटलं, आला माझा जुना माणूस! आणि तिला आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं, झालाच. इतका की ओठ दाबून धरावे लागले.

मास्तरने कात्री खाली ठेवली आणि पार्टिशनच्या मागे निघून गेला.

“हे कुठे चालले?” आत्या कडाडली. बायको उठली, ‘बघते’ म्हणाली आणि दारापाशी गेली. दार नीट लागलं नव्हतं. मास्तर थानावर कपाळ टेकून बसला होता. हाताची मूठ दातात धरलेली. तो एवढ्या हळू बोलू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

“तिनेच केलंय,” तो म्हणत होता. “मला माहितीये, तिनेच. मला बाहेर जाऊन तिचं सगळं काढायचंय, सगळ्यांसमोर. मला येतं ते, मला छान येतं. प्रभू, सकाळी तुला दिलेला मी आता परत मागतोय. देऊ नकोस. मागितला तरी देऊ नकोस.” आणि मग शब्द नाहीत, नुसतं धापा टाकणं.

ती तिथेच खिळून उभी राहिली. आयतं? हे आयतं होतं? चहा आपटला तेव्हा, मीठ घातलं तेव्हा, दर वेळी हा माणूस उठून जाऊन हे असं करत होता? तिला वाटलं होतं आत गेलं की बटण दाबल्यासारखं काहीतरी होतं.

ती मागे सरली. मास्तर बाहेर आला, डोळे लाल. “चूक आमच्या दुकानातली आहे,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुठल्याही कापडाचा म्हणाल तो कोट लग्नाआधी शिवून देतो. ही मखमल मात्र आता माझ्या हातून दुरुस्त होणार नाही. मला क्षमा करा.” बाणाबद्दल एक अक्षर नाही. बोलताना त्याने टेबलाची कड अशी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

आत्याने त्याला आडवा घेतला. असला कसला मास्तर, असली कसली नजर, लग्नाचं वाटोळं केलं. तो ऐकत राहिला. मग आत्या वळली, हिच्याकडे आली आणि खांद्यावर हात ठेवला.

“बिचारी!” ती म्हणाली. “आयुष्य गेलं तुमचं या माणसापायी.”

आला की हो परत! जो मान इतके महिने हरवला होता तो असा आपण होऊन हातात आला. काही करायचं नव्हतं, मान खाली घालायची आणि म्हणायचं, प्रभू बळ देतो. आणि तिला ते शब्द तोंडात आणवेनात. समोर त्या पांढऱ्या पडलेल्या बोटांशिवाय तिला काही दिसेना.

“बाण मी उलटा काढला,” ती म्हणाली. “मुद्दाम. ह्यांची चूक नाही.”

आणि मग आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघ गं,” ती नवरीला म्हणाली, “बघून ठेव. याला म्हणतात संसार. नवऱ्याचं पाप अंगावर घेतेय बाई!” नवरीनेही रुमाल काढला.

आता काय म्हणावं! ती ‘नाही, नाही’ म्हणाली, पण ते ‘नाही’ इतकं बारीक होतं की त्यांना विनयच वाटला. दोघी कोट घेऊन निघून गेल्या, दुसऱ्या शिंप्याकडे.

मास्तर टेबलावरचे मखमलीचे तुकडे गोळा करत होता. ते डब्यात टाकता टाकता म्हणाला, “मी तुझा बाण कधी तपासला नाही. लग्न झाल्यापासून एकदाही नाही.” आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

“सांगितलं ना मी त्यांना,” ती म्हणाली. “त्यांनी ऐकलं नाही त्याला मी काय करू?”

त्याने डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकीणबाई हजर. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि कशी पोचली असेल ते तुम्हाला कळलंच असेल. मास्तर टाचण्या तोंडात धरून एका पँटची लांबी बसवत होता. त्याच्याकडे त्यांनी जरा दयेने बघितलं आणि हिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

“सगळं कळलं मला,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मखमल ह्यांनी बिघडवली आणि आळ तुम्ही घेतलात. असं मन कोणाला असतं हो? पाळकसाहेबांशी बोलले मी. या रविवारी तुम्ही साक्ष द्यायची. दुसऱ्याची चूक पोटात कशी घालायची, यावर. सगळी मंडळी ऐकेल.”

तिच्या अंगावर काटा आला. साक्ष! माईक! सगळी मंडळी! इतकी वर्षं जे मागायचीही तिला लाज वाटली होती ते स्टूल ओढून समोर येऊन बसलं होतं. आणि तिने सांगितलं तर होतं की एकदा. एकदा खरं बोलून झालं होतं. लोकांनी विश्वास ठेवला नाही, हा काय तिचा दोष? नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात तर तिचा हातखंडा होता.

मास्तरने ऐकलं होतं. तो पँटवर वाकलेला होता आणि त्याने मान वर केली नाही. त्याने बघितलं असतं, निदान खोकला असता, तर तिला त्याच्यावर चिडता आलं असतं. तो तिला मदत करत नव्हता आणि अडवतही नव्हता. तिला त्या क्षणीसुद्धा त्याचा हेवा वाटला. तो वाकून काम करू शकत होता. त्याच्याकडे राखायला आता काही उरलंच नव्हतं. आणि ती, ती स्वतःच्या चांगुलपणाला दोन्ही हातांनी धरून बसली होती, आणि तो चांगुलपणा तर खोटा होता.

‘मलाही घे,’ ती मनात म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही. एवढी पाठ केलेली वचनं, त्यातलं एक आठवलं नाही. ‘मला नाही जमत. घे.’

“पाळकीणबाई,” ती मोठ्याने म्हणाली, “मी आळ घेतला नाही. मी ते केलं.”

“अहो, तुमचा स्वभावच...”

“माझा स्वभाव राहू द्या. नीट ऐका.” तिने शेजारच्या डब्यातून मखमलीचा एक तुकडा काढला, त्यांच्या हातात दिला, त्यांचं बोट धरून लवेवरून फिरवलं, आधी सरळ, मग उलटं. बाण कुठे काढला, केव्हा काढला, आतून काय ऐकू येत होतं, सगळं सांगितलं. मिठाचं सांगितलं. टेपचं सांगितलं. “आणि हे भडकतील म्हणून मी वाट बघत होते. भडकणार असं दिसलं तेव्हा मला आनंद झाला. मला ह्यांचा हेवा वाटतो. ह्यांना प्रभू भेटला आणि मला कोणी बिचारी म्हणेना, म्हणून. मी ह्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगत फिरले, पण मला ते तसेच हवे होते. खरं सांगते. तसेच हवे होते.”

पाळकीणबाई मखमलीच्या तुकड्याकडे बघत राहिल्या. आता त्यांना पटलं होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी तुकडा हळूच टेबलावर ठेवला, पर्स खांद्याला अडकवली.

“मग...” त्या म्हणाल्या, “रविवारसाठी दुसरं कोणी बघू.”

“बघा,” ती म्हणाली.

त्या गेल्या. काचेतून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. दुपारपर्यंत बाजारात ही गोष्ट पोचेल, आणि या वेळी नीट पोचेल. रविवारी दुसऱ्या रांगेत कोण शेजारी बसेल देव जाणे. तिला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. काही हलकं वाटत नव्हतं. सोलून काढल्यासारखं वाटत होतं. आपण कोण, असं कोणी आता विचारलं असतं तर तिच्यापाशी एक शब्द नव्हता.

“अहो,” ती म्हणाली.

“हं?” टाचण्या अजून तोंडात.

“तुम्हाला रोज असं होतं?”

मास्तरने टाचण्या काढून उशीत खोचल्या. “रोज,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं सवय होईल. नाही होत.”

“मला वाटायचं तुम्हाला आयतं मिळालंय.”

तो हसला, जरासा. “तुझ्या हातच्या त्या भाजीनंतर?”

तिलाही हसू आलं असतं, पण आलं नाही. कारण तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की आत्याला सांगितलं, पाळकीणबाईंना सांगितलं, दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळेल. ह्या माणसाला मात्र तिने काही म्हटलेलं नाही. इतक्या वर्षांत माफी मागायची ती त्याने, असंच घरात ठरलेलं होतं. तो तिचा हक्क होता. त्याची तर कित्येकदा मागून झाली होती, आणि प्रत्येक वेळी तिने ती ‘बरं बरं’ म्हणून बाजूला ठेवली होती. बाजाराला सांगणं सोपं होतं हो. हे तीन शब्द अवघड होते. ती मशीनवरून उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तो पँट हातात धरून थांबला.

“माझं चुकलं हो,” ती म्हणाली. आणि मग एकदम रडू फुटलं, लोकांसमोर काढायची तसलं नाही, नाक गळणारं, वेडंवाकडं. “तुमच्यावर मी फार अन्याय केला. मला माफ करा.”

मास्तरने ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. “हो,” तो म्हणाला. “केलं माफ.” आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

त्याचा हात इतका सहज आला की तिला पुन्हा हेवा वाटला. आपल्याला इतक्या सहज कोणाला माफ करता येणार नाही, आज तर नाहीच. उद्या सकाळीही हेवा वाटणारच होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा तो हेवाही प्रभूच्या हातात द्यावा लागेल, असं तिला वाटलं, आणि ती रडत राहिली.